चंद्राबाहेर उरलेली कडा

ॲरिस्टॉटलच्या आकाशावरील ग्रंथाला सिम्प्लिकियसने इसवी सनाच्या सहाव्या शतकात एक विस्तृत भाष्य लिहिले. हायबर्गने १८९४ साली बर्लिनहून त्याची ग्रीक आवृत्ती छापली. तिची पाचशे पाने ओलांडली की एक छोटा उतारा लागतो. सूर्य, चंद्र आणि पाहणाऱ्याचा डोळा एका रेषेत आले तरी दर वेळी सारखेच दृश्य दिसत नाही, असे तिथे म्हटले आहे. कधी चंद्र सूर्याला पुरता झाकतो आणि सूर्य काही वेळ दिसेनासाच होतो. कधी मात्र ग्रहणाच्या ऐन मध्यालासुद्धा चंद्राच्या बाहेर, चहूबाजूंनी, सूर्याची थोडी कडा उरते.

ही दुसरी गोष्ट म्हणजे कंकणाकृती ग्रहण. ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयातले त्याचे पहिले निःसंदिग्ध वर्णन म्हणून याच उताऱ्याकडे बोट दाखवतात. उताऱ्यात तारीख नाही, गावाचे नाव नाही, कोणा राजाचे वर्षही नाही. तरी खगोलशास्त्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्यासमोर ४ सप्टेंबर १६४ ही तारीख घातलेली आढळते. ती आली कुठून आणि तिच्यावर किती भार टाकावा, हे मूळ साधनांतूनच तपासायला हवे. शिवाय ज्या वादात हे वाक्य लिहिले गेले तो वाद ग्रहणाचा नव्हताच, आणि माझ्या मते ते टिकून राहिले ते त्यामुळेच.

सिम्प्लिकियस मूळचा किलिकियाचा. अलेक्झांड्रियात अमोनियसकडे आणि अथेन्समध्ये दमास्कियसकडे तो शिकला. ५२९ मध्ये जस्टिनियन बादशहाने अथेन्समधल्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावर बंदी आणली, तेव्हा इराणच्या खुस्रोच्या दरबारात गेलेल्या सात तत्त्वज्ञांत त्याचेही नाव आहे. ५३२ च्या तहानंतर ते परतले. सिम्प्लिकियसची मोठी भाष्ये त्यानंतरची मानतात. त्याची एक सवय आपल्या फार उपयोगी पडते. जुने ग्रंथ दुर्मीळ होत चालले आहेत याची त्याला जाणीव होती, म्हणून तो त्यांतले उतारेच्या उतारे आपल्या भाष्यात उतरवून घेई आणि कोणाचे आहेत तेही सांगे. पार्मेनिडीसच्या काव्याचा मोठा भाग आज आपल्याकडे आहे तो त्याच्यामुळे. ग्रहणाचा हा उताराही त्याचा स्वतःचा नाही. तो ज्या चर्चेत येतो ती त्याने सोसिजेनीस नावाच्या लेखकाकडून घेतली आहे.

सोसिजेनीस दोन होऊन गेले, आणि बराच काळ अभ्यासक त्यांची गल्लत करत आले. एक ज्युलियस सीझरच्या पदरचा. इ.स.पू. ४६ मध्ये रोमन पंचांग सुधारताना सीझरने त्याचा सल्ला घेतला, असे प्लिनी सांगतो. दुसरा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला तत्त्वज्ञ, जवळजवळ दोन शतकांनंतरचा. सिम्प्लिकियससमोर पहिल्याचा ग्रंथ असेल तर ग्रहण सीझरच्या काळातले किंवा त्याआधीचे ठरते. दुसऱ्याचा असेल तर रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातले. निर्णय करायला दुवे आहेत. अफ्रोडिसियसचा अलेक्झांडर हा ॲरिस्टॉटलचा सर्वांत मान्यवर भाष्यकार. आपल्या एका भाष्यात तो सोसिजेनीसला आपला गुरू म्हणतो आणि दृष्टीविषयीच्या त्याच्या ग्रंथाचा हवाला देतो. अलेक्झांडरचा काळ पक्का आहे, कारण नियतीवरचा आपला ग्रंथ त्याने सेप्टिमियस सेव्हेरस आणि कॅराकॅला या बादशहांना अर्पण केला आहे. म्हणजे तो १९८ ते २०९ या वर्षांतला. त्याच्या गुरूचा उमेदीचा काळ मग साधारण १६० च्या आसपास येतो. आणि सिम्प्लिकियसच्या उताऱ्यातला विषय तंतोतंत ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला आहे, पंचांगाचा नाही. दुसरा सोसिजेनीसच धरायला हवा.

त्याचा हा ग्रंथ ‘उलट फिरवणाऱ्या गोलां’वर होता. तो आज उपलब्ध नाही. नाव कळते ते प्रोक्लसमुळे. त्यातला वाद असा होता. इ.स.पू. चौथ्या शतकात युडॉक्ससने पृथ्वीभोवती एकात एक बसवलेल्या २७ गोलांची रचना मांडली. सगळ्यांचे केंद्र पृथ्वी. कॅलिपसने त्यांत आणखी गोल घातले. ॲरिस्टॉटलने वरच्या ग्रहाची गती खालच्या ग्रहाला लागू नये म्हणून मध्ये उलट फिरवणारे गोल बसवले, तेव्हा बेरीज ५५ वर गेली. रचना देखणी होती, पण तिच्यात एक गोष्ट होणेच शक्य नव्हते. गोल पृथ्वीकेंद्री असल्यामुळे कोणताही ग्रह पृथ्वीपासून जवळ किंवा दूर जाऊच शकत नव्हता. आणि आकाशात तर शुक्र आणि मंगळ कधी तेजस्वी, कधी फिके दिसतात. युडॉक्ससच्या परंपरेतल्या पोलेमार्कसला हे ठाऊक होते. फरक डोळ्यांना जाणवण्याइतका नाही असे म्हणून त्याने ते बाजूला सारले, असे सिम्प्लिकियस नोंदवतो.

सोसिजेनीस स्वतः ॲरिस्टॉटलचा अनुयायी. त्याने बाजूला सारले नाही. आपल्याच गुरुपरंपरेच्या सिद्धांताला तडा जातो हे दिसत असताना त्याने पुरावे मांडले, याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. चंद्राचे अंतर बदलते याचे दोन पुरावे तिथे येतात.

पहिला पुरावा मोजमापाचा. एक तबकडी डोळ्यापासून ठरावीक अंतरावर धरायची आणि चंद्र नेमका झाकला जाईल अशी निवडायची. कधी अकरा अंगुळांची तबकडी पुरते, कधी बारा अंगुळांची लागते. अंतर तेच, पाहणारा तोच. म्हणजे बदलले ते चंद्राचे बिंब. आज आपल्याला माहीत आहे की चंद्राचे दृश्य बिंब साधारण २९.४ कलांपासून ३३.५ कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहानमोठे होते; म्हणजे सर्वांत मोठे बिंब सर्वांत लहान बिंबापेक्षा १४ टक्क्यांनी मोठे. अकरा आणि बारा अंगुळांतला फरक ९ टक्क्यांचा. हाताने धरलेल्या तबकडीने, चंद्राची टोकाची स्थिती मुद्दाम न गाठता, इतके हाती येणे ही चांगली कामगिरी आहे. हा आकडा कोणी बसल्या जागी रचलेला वाटत नाही.

दुसरा पुरावा ग्रहणाचा. चंद्राचे अंतर कायम असते तर प्रत्येक मध्यवर्ती सूर्यग्रहण सारखेच दिसले असते. ते तसे दिसत नाही: कधी खग्रास, कधी कडा उरलेले. कंकणाचा उल्लेख उताऱ्यात येतो तो एवढ्यासाठीच. कोणी घाबरले का, यज्ञ केला का, किती वेळ कंकण टिकले, यातले काही सांगायची सोसिजेनीसला गरज नव्हती.

हा पुरावा ॲरिस्टॉटलच्या गोलांवर रोखलेला होता. पण तो त्याच्या काळातल्या सर्वांत थोर गणितज्ञालाही लागला.

अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीची स्वतःची वेधनोंद इ.स. १२७ ते १४१ या काळातली आहे. म्हणजे तो सोसिजेनीसच्या आधीच्याच पिढीतला. आपल्या मोठ्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो सूर्यचंद्रांच्या बिंबांकडे वळतो. हिप्पार्कसने वर्णन केलेली चार हात लांबीची मापनकाठी त्याने बनवून घेतली होती: एका टोकाला बारीक भोक असलेली पट्टी, काठीवरून पुढे मागे सरकणारी दुसरी पट्टी. तिच्यातून पाहून त्याने दोन निष्कर्ष काढले. सूर्याचे बिंब वर्षभर जवळजवळ तेवढेच दिसते. आणि चंद्राचे बिंब सूर्याच्या बिंबाएवढे दिसते ते फक्त चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर असताना. त्याच्या आधीचे लोक मानत तसे मध्यम अंतरावर असताना नव्हे.

या दुसऱ्या वाक्यात कंकणाकृती ग्रहणाची शक्यता संपते. सर्वांत दूरचा, म्हणजे सर्वांत लहान दिसणारा चंद्रसुद्धा सूर्याएवढाच असेल, तर बाहेर कडा उरणार कशी? सोसिजेनीसच्या उताऱ्यात जे घडते ते टॉलेमीच्या आकड्यांत घडू शकत नाही.

टॉलेमीने आकडा कसा काढला, ते त्याने हातचे न राखता दाखवले आहे. काठीने दोन बिंबांची तुलना होते, पण मोजमापासाठी तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून त्याने बॅबिलोनच्या जुन्या नोंदी घेतल्या. नबोपोलासरच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. ६२१ च्या एप्रिलमध्ये, झालेल्या चंद्रग्रहणात बिंबाचा चौथा हिस्सा ग्रासला गेला होता. कँबायसिसच्या सातव्या वर्षी, इ.स.पू. ५२३ च्या जुलैमध्ये, अर्धा. दोन्ही वेळी चंद्र आपल्या दूरच्या टोकाजवळ होता. टॉलेमीच्या गणिताने पहिल्या वेळी चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, ४८ कला ३० विकला आणि दुसऱ्या वेळी ४० कला ४० विकला येतो. वजाबाकी ७ कला ५० विकला. अर्धा वजा पाव म्हणजे पाव. तेव्हा ७ कला ५० विकला हा बिंबाचा चौथा भाग. चारपट केली की ३१ कला २० विकला. दूरच्या चंद्राचा व्यास मिळाला, आणि काठीच्या तुलनेनुसार तोच सूर्याचाही.

सूर्याच्या बाबतीत हा आकडा वाईट नाही. खरा सूर्य साधारण ३१.५ ते ३२.५ कलांत वावरतो. चंद्राच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ दोन कलांनी मोठा आहे. चूक कुठे शिरली असेल ते पाहण्यासाठी मी ही वजाबाकी पुन्हा करून पाहिली. ग्रासलेला भाग अंगुळांत सांगायची रीत होती, बिंबाची अंगुळे बारा. चौथा हिस्सा म्हणजे ३, अर्धा म्हणजे ६, फरक ३ अंगुळांचा. हा फरक प्रत्यक्षात ३.२ अंगुळांचा होता असे धरले, तर व्यास २९ कला २२ विकला येतो. आजच्या मापाला जवळपास चिकटून. अंगुळाचा पाचवा हिस्सा म्हणजे सगळ्या बिंबाचा साठावा भाग. चंद्रग्रहणात सावलीची कड विरत गेलेली असते. इतका बारीक फरक नुसत्या डोळ्यांनी टिपण्याची अपेक्षा बॅबिलोनच्या कोणत्याही लेखनिकाकडून करणे अन्यायाचे आहे. त्याने चौथा हिस्सा आणि अर्धा लिहिले ते योग्यच लिहिले. दोन ढोबळ नोंदींच्या वजाबाकीची चारपट करण्यात चूकही चौपट होते. आकडा त्यामुळेच फसला, असा दावा मी करत नाही, कारण त्याच्या शरांतही चुका असणार. पण ही रीत किती नाजूक आहे हे यावरून दिसते.

अकरा आणि बारा अंगुळांच्या तबकड्या तर टॉलेमीला आणखी अडचणीच्या. त्याच्या चंद्रसिद्धांतात चंद्राचे अंतर सुमारे ३४ पासून ६४ पृथ्वीत्रिज्यांपर्यंत बदलते. खरेच तसे असते तर अष्टमीच्या सुमारास चंद्र कधी कधी जवळजवळ दुप्पट मोठा दिसला असता आणि बारा अंगुळांच्या तबकडीने तो झाकला गेलाच नसता. टॉलेमीचे चंद्राच्या स्थानाचे गणित उत्तम जुळते. अंतराचे जुळत नाही. मराग्याचे खगोलशास्त्रज्ञ, दमास्कसचा इब्न अल्-शातिर आणि पुढे कोपर्निकस यांना या दोषाने स्वस्थ बसू दिले नाही.

सोसिजेनीसच्या पुराव्याची धार टॉलेमीवरही चालते हे पहिल्यांदा स्पष्ट लिहिले ते प्रोक्लसने. हा अथेन्सच्या अकादमीचा प्रमुख. ४८५ मध्ये वारला. खगोलशास्त्रातल्या उपपत्तींची ओळख करून देणारा त्याचा एक ग्रंथ आहे. त्याची आवृत्ती मानिटियसने १९०९ मध्ये काढली. टॉलेमीचे बिंबांचे माप सांगून झाल्यावर प्रोक्लस सोसिजेनीसचे नाव घेतो, त्याच्या ग्रंथाचे नाव देतो, आणि सूर्याची कड चंद्राबाहेर उरल्याचा त्याचा दाखला नोंदवतो. मग पेच मांडतो: हे खरे धरले, तर एक तर सूर्याचे बिंब लहानमोठे होते, किंवा दूरचा चंद्र सूर्याएवढा दिसतो हे म्हणणे टिकत नाही. उत्तर तो देत नाही. खरे तर पेचाच्या दोन्ही बाजू बरोबर होत्या.

प्रोक्लस आणि सिम्प्लिकियस यांची साक्ष अशी दोन वेगळ्या ग्रंथांत, दोन वेगळ्या प्रसंगांत आली आहे. म्हणून सोसिजेनीसच्या ग्रंथात हा मजकूर होता याबद्दल मला शंका वाटत नाही. शंका वेगळी आहे. सिम्प्लिकियसच सांगतो की युडॉक्ससच्या गोलांविषयीची माहिती सोसिजेनीसने युडेमसच्या खगोलशास्त्राच्या इतिहासातून घेतली होती. युडेमस ॲरिस्टॉटलचा शिष्य, इ.स.पू. चौथ्या शतकातला. तबकड्यांचा आणि कंकणाचा दाखलाही त्या जुन्या इतिहासातून उतरला असेल तर? प्रोक्लस तो सोसिजेनीसच्या नावावर सांगतो, यावरून मी तो त्याच्याच काळातला मानण्याकडे झुकतो. तरी त्याने ग्रहण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असे या दोन्ही उताऱ्यांत नाही. पुस्तकांत ते बिनदिक्कत लिहिलेले असते.

आता तारीख. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ग्रीक भाषकांच्या प्रदेशातून दिसण्याजोगे कंकणाकृती ग्रहण कोणते, हे गणिताने शोधले की ४ सप्टेंबर १६४ हे ग्रहण समोर येते. मार्कस ऑरेलियसची कारकीर्द, पार्थियाशी युद्ध चालू. पण असा शोध घेताना एक सापळा असतो. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हळूहळू मंदावते आहे. आजच्या वेगाने मागे मोजत गेले तर इ.स. १६४ पर्यंत सुमारे अडीच तासांची तफावत साचते, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ग्रहणाचा अरुंद पट्टा मग नकाशावर पार दुसऱ्याच देशात जाऊन पडतो. ही तफावत किती, हे ठरते जुन्या ग्रहणांच्या नोंदींवरूनच. नोंदीला तारीख गणिताने द्यायची आणि मग तीच नोंद गणिताचा पुरावा म्हणून वापरायची, असे वर्तुळ सहज तयार होते. रॉबर्ट न्यूटन या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या सुमारास यावर कडक टीका केली. ग्रहण ओळखण्याचा हा खेळ त्याला मान्य नव्हता. टीका रास्त होती. ज्या नोंदीत तारीख आणि स्थळ दोन्ही स्वतंत्रपणे येतात त्याच नोंदी या कामाला घ्याव्यात. बॅबिलोनची इ.स.पू. १३६ च्या १५ एप्रिलची नोंद तशी आहे: दिवस दिलेला, वेळ दिलेली, शुक्र, बुध, गुरू आणि मंगळ दिसल्याचेही लिहिलेले. सोसिजेनीसचा उतारा त्या रांगेत बसत नाही. १६४ हे वर्ष मी संभाव्य म्हणेन, त्यापुढे जाणार नाही.

खग्रास ग्रहणांच्या कथा प्राचीन साधनांत सापडतात, मग कंकणाची साक्ष इतकी तुरळक का? कारण सरळ आहे. खग्रासात दिवसाढवळ्या अंधार पडतो, तारे दिसतात, पाखरे घरट्यांकडे वळतात. न पाहणाऱ्यालाही ते कळते. कंकणाच्या वेळी सूर्याची उरलेली कडही डोळे दिपवून टाकते. उजेड मळकट होतो, सावल्या टोकदार होतात, हवेत थोडा गारवा येतो, पण रात्र होत नाही. मान वर करून पाहायची सोय नसल्यामुळे कंकण तयार झाले हे कित्येकांना समजतसुद्धा नाही. २६ डिसेंबर २०१९ ला केरळ, कर्नाटक, तमिळनाडूच्या पट्ट्यात ज्यांनी ते पाहिले त्यांना याची कल्पना येईल. महाराष्ट्रात त्या सकाळी खंडग्रासच होते.

प्राचीन लोकांकडे उपाय होते. तेलाने किंवा डांबराने भरलेल्या भांड्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहतात, असे सेनेका सांगतो. दाट, काळा द्रव पाण्यासारखा हिंदकळत नाही आणि प्रकाशही मंद करतो. दुसरा उपाय ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात आहे. ग्रहणाच्या वेळी चाळणीतून, झाडाच्या पानांतून किंवा एकमेकांवर आडव्या धरलेल्या बोटांतून येणारे कवडसे जमिनीवर कोरीसारखे का पडतात, असा तिथला प्रश्न आहे. ज्याने तो विचारला त्याने झाडाखाली उभे राहून ते पाहिले होते. कंकणाच्या वेळी त्याच कवडशांच्या बांगड्या होतात. सोसिजेनीसला दाखला देणाऱ्याने यांपैकी काही केले की विरळ ढगातून थेट पाहिले, ते उतारे सांगत नाहीत. पण केवळ तर्काने सुचावी अशी ही गोष्ट नव्हती. त्या काळचा तर्क उलट दिशेला होता. ॲरिस्टार्कसने सूर्यचंद्रांच्या आकारांवरच्या आपल्या ग्रंथात चंद्र सूर्याला नेमका झाकतो, ना कमी ना जास्त, असे धरूनच पुढचे गणित केले होते.

कंकणाकृती ग्रहण झाले, पण साक्षीदाराला कंकण दिसले नाही, असेही उदाहरण आहे, आणि ते फार प्रसिद्ध आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात, इ.स.पू. ४३१ च्या ३ ऑगस्टला, दुपारनंतर सूर्य ग्रासला, कोरीसारखा झाला, काही तारे दिसले आणि तो पुन्हा भरून आला, असे थ्युसिडिडीस लिहितो. चांद्रमासाच्या आरंभीच हे घडू शकते असे दिसते, अशी टीपही तो जोडतो. गणिताने हे ग्रहण कंकणाकृती ठरते, पण कंकणाचा पट्टा अथेन्सच्या उत्तरेकडून गेला. अथेन्समध्ये सूर्याचा चार पंचमांशाहून अधिक व्यास झाकला गेला, कोर तेवढी उरली. थ्युसिडिडीसने कोर लिहिली, ती बरोबर लिहिली. ताऱ्यांचा उल्लेख मात्र अवघड आहे. इतका सूर्य उरला असता शुक्रापलीकडे फार काही दिसणार नाही.

याच ग्रहणाभोवती पुढे पेरिक्लीसची गोष्ट जमा झाली. जहाजाचा सुकाणूवाला घाबरला, तेव्हा पेरिक्लीसने आपला झगा त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारले की हे भयंकर आहे का. तो नाही म्हणाला, तेव्हा पेरिक्लीस म्हणाला, मग ग्रहण तरी वेगळे काय, एवढेच की झाकणारी वस्तू मोठी आहे. ही गोष्ट प्लुटार्कची, ग्रहणानंतर पाच शतकांची. शिवाय प्लुटार्क ती ज्या आरमारी मोहिमेशी जोडतो ती थ्युसिडिडीसनुसार पुढच्या वर्षीची. सिसेरोकडे हीच कथा वेगळ्या रूपात आहे: तिथे पेरिक्लीस भयभीत नागरिकांना समजावतो, ॲनॅक्सागोरसकडून शिकलेले सांगतो. प्रत्यक्ष त्या युद्धात असलेला थ्युसिडिडीस झग्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माझा कौल थ्युसिडिडीसच्या कोरड्या ओळीला.

सिम्प्लिकियस भाष्य लिहीत होता त्याच शतकात उज्जैनच्या परिसरात वराहमिहिर लिहीत होता. त्याच्या पंचसिद्धान्तिकेचा करणारंभ शके ४२७, म्हणजे इ.स. ५०५. बृहत्संहितेतल्या राहूच्या अध्यायात ग्रासाचे दहा प्रकार येतात. त्यांतला एक मध्यतम: काळोख मध्यात, सभोवती मंडल स्वच्छ. फळ असे सांगितले आहे की मध्यदेशाचा नाश आणि पोटाच्या विकारांचे भय. हे कंकणाकृती ग्रहणाचे वर्णन आहे का? चंद्रग्रहणात असे कधी दिसू शकत नाही, कारण तिथे पृथ्वीची सावली चंद्राच्या अडीचपटींहून मोठी असते. ती मध्यात मावणार नाही. तेव्हा हा प्रकार लागू पडला तर सूर्यालाच. पण पुढचाच तमोन्त्य हा प्रकार बरोबर उलट, कडेला काळोख दाट आणि मध्ये कमी. अशा जोड्या पाहिल्या की सगळी यादी वेधांतून आली असे म्हणायला मन धजत नाही. शक्य त्या सर्व आकृत्यांची मांडणी करण्याची संहिताकारांची ओढ त्यात दिसते. दुसरीकडे याच अध्यायात वराहमिहिर ग्रहणाचे कारण म्हणून भूछाया आणि चंद्र यांचेच नाव घेतो, राहूचे नाही.

भारतीय सिद्धांतग्रंथांतले आकडे मात्र या बाबतीत टॉलेमीपेक्षा सरस ठरतात. सूर्यसिद्धान्तात चंद्राचा व्यास ४८० योजने आणि चंद्रकक्षेवर १५ योजनांची एक कला. म्हणजे मध्यम बिंब ३२ कला. सूर्याची ६५०० योजने चंद्रकक्षेवर आणली की सुमारे ३२.४ कला होतात. पुढे नियम असा की मध्यम व्यासाला स्पष्ट गतीने गुणायचे आणि मध्यम गतीने भागायचे. चंद्र मंद चालतो तेव्हा त्याचे बिंब या नियमाने २९ कलांच्या आसपास येते. सूर्य त्याहून मोठा राहतो, आणि चंद्र पुरेसा दूर असताना मध्यवर्ती ग्रहण झाले की कडा उरते. ज्याने हा नियम घेऊन पाटीवर गणित केले त्याला कंकण आधीच कळू शकत होते.

युरोपात टॉलेमीचा आकडा दीर्घकाळ शिकवला गेला. सिम्प्लिकियसच्या भाष्याचा लॅटिन अनुवाद मूरबेकच्या विल्यमने १२७१ मध्ये पुरा केला, तेव्हापासून सोसिजेनीसचा दाखला तिकडच्या विद्वानांच्या हाताशी होता. ९ एप्रिल १५६७ ला रोममध्ये ख्रिस्तोफर क्लाव्हियसने सूर्यग्रहण पाहिले आणि चंद्राभोवती सूर्याचे अरुंद वलय उरल्याचे आपल्या ग्रंथात लिहिले. सात वर्षांपूर्वी पोर्तुगालमधल्या कोइम्ब्रा इथे त्याने खग्रास पाहिले होते. दोन्ही दृश्ये त्याने शेजारी शेजारी ठेवली. केप्लरला ते वलय पटेना. सूर्याची कडच उरली होती की चंद्राभोवतीचा दुसरा काही उजेड होता, असा त्याचा प्रश्न होता. आजच्या गणिताने १५६७ चे ग्रहण इतके काठावरचे ठरते की रोममध्ये चंद्र आणि सूर्य जवळजवळ तंतोतंत एका मापाचे होते. क्लाव्हियसने शहर आणि दिवस लिहून ठेवला असल्यामुळे त्याची साक्ष अजून तपासली जाते: सूर्याचा व्यास तेव्हा किती होता आणि पृथ्वी तेव्हापासून किती मंदावली, या दोन्ही प्रश्नांच्या चर्चेत १५६७ चे रोम पुन्हा पुन्हा येते.